'स्त्री' कोण, हे ठरवणार कोण?

बारामती : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये संसदेने संमत केला, तेव्हा त्यातील 'महिला' या शब्दाची व्याख्या करावी, असे कोणालाही वाटले नव्हते. जो शब्द सर्वांना कळतो, त्याची व्याख्या कशाला, असाच त्यामागचा विचार असावा. मात्र १६ मार्च २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाला नेमक्या याच शब्दाचा अर्थ सांगावा लागला. लिंगबदल शस्त्रक्रिया करून स्त्री झालेली व्यक्ती या कायद्याखाली पतीविरुद्ध दाद मागू शकते, असा निर्वाळा न्या. अमित बोरकर यांनी दिला आणि एका शब्दाच्या अर्थावर किती जणांचे आयुष्य टांगलेले असते, हे पुन्हा एकदा समोर आले.

या निकालाचे स्वागत झाले, त्यावर टीकाही झाली. मात्र त्याने नेमके काय दिले आणि काय दिले नाही, याची चर्चा फारशी झाली नाही. भारतात पारलिंगी स्त्रीला, म्हणजे जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेल्या पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्तीला, 'स्त्री' म्हणून मिळणारे हक्क कोणत्याही एका निकालाने वा एका कायद्याने ठरलेले नाहीत. घरगुती छळाला एक उत्तर आहे, विवाहाला दुसरे, ग्रामपंचायतीच्या राखीव जागेला तिसरे आणि बलात्काराच्या फिर्यादीला चौथे. बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांत या विस्कळीतपणाची झळ अधिक बसते, कारण येथे कायद्याचा अर्थ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाआधी टेबलामागे बसलेला अधिकारी लावत असतो.

निकाल नेमका काय?

प्रकरणाची हकिगत साधी होती. तक्रारदार व्यक्तीने २०१६ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याच वर्षी विवाह केला. पुढे पती-पत्नीत बेबनाव झाला आणि पत्नीने कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पोटगी मागितली. न्यायदंडाधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये दरमहा १२ हजार रुपये पोटगी मंजूर केली. सत्र न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो आदेश कायम ठेवला. त्याविरुद्ध पतीने उच्च न्यायालयात धाव घेतली.

पतीचा युक्तिवाद दोन मुद्द्यांवर उभा होता. कायद्याच्या कलम २(अ) नुसार 'पीडित व्यक्ती' ही केवळ महिलाच असू शकते आणि आपली पत्नी त्या व्याख्येत बसत नाही, हा पहिला. तृतीयपंथीय व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१९ च्या कायद्यानुसार घ्यावयाचे प्रमाणपत्र तिच्याकडे नाही, सबब तिला स्त्री म्हणून मान्यताच नाही, हा दुसरा. न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. 'महिला' हा शब्द आता स्त्री-पुरुष या ठराविक द्वैतापुरता मर्यादित राहिलेला नाही आणि आपल्या लिंगभावाला अनुसरून लिंगबदल केलेल्या पारलिंगी व्यक्तीचाही त्यात समावेश होतो, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. निकालाला पतीने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २०२३ मध्येच तो मुद्दा तेथे विचारार्थ घेण्यात आला.

न्यायालयाने कायद्यातील एखाद्या शब्दाची कक्षा बदलण्याचा या कायद्याच्या बाबतीतील हा पहिला प्रसंग नव्हे. मूळ कायद्यात तक्रार मुख्यतः 'प्रौढ पुरुषा'विरुद्ध करता येत असे. मुंबईतूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ते शब्द घटनाबाह्य ठरवून काढून टाकले आणि महिलांविरुद्धही दाद मागण्याचा मार्ग मोकळा झाला. छळ थांबवणे हा कायद्याचा हेतू असेल, तर छळ करणाऱ्याचे लिंग पाहू नये, हा त्यामागचा तर्क. २०२३ च्या निकालाने तोच तर्क छळ सोसणाऱ्याच्या बाजूने पुढे नेला, असे म्हणता येईल.

'नाल्सा'ची पायाभरणी

या साऱ्याची मुळे १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आहेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे 'नाल्सा', विरुद्ध केंद्र सरकार या खटल्यात न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने तृतीयपंथीयांना तिसरे लिंग म्हणून मान्यता दिली. पुण्यात जन्मलेल्या श्रीगौरी सावंत या प्रकरणात याचिकाकर्त्यांपैकी एक होत्या, तर ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी हस्तक्षेप अर्ज केला होता. देशाच्या घटनात्मक इतिहासातील या निकालाला असा मराठी मातीचा हातभार आहे.

त्या निकालातील कळीचा मुद्दा तिसऱ्या लिंगाच्या मान्यतेपेक्षाही वेगळा होता. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथीय, हे ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा स्वतःचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक व बेकायदा आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ब्रिटनमधील १९७० च्या कॉर्बेट खटल्यात जन्माच्या वेळचे जैविक लिंग हेच कायद्याने ग्राह्य, असा दंडक घालून दिला गेला होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तो जाणीवपूर्वक नाकारला आणि शरीरापेक्षा मनाची साक्ष मोलाची मानली. याच निकालात तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून शिक्षण आणि नोकऱ्यांत आरक्षण द्यावे, असा आदेशही केंद्र व राज्य सरकारांना देण्यात आला.

शस्त्रक्रियेची अट कोठून आली?

संसदेने २०१९ मध्ये कायदा केला आणि १० जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. त्याच्या मूळ कलम ४ ने स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क दिला खरा. परंतु त्याची अंमलबजावणी प्रमाणपत्राशी जोडली. कलम ६ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून 'तृतीयपंथीय' असल्याचे ओळखपत्र घ्यायचे. 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशी नोंद हवी असेल, तर कलम ७ नुसार शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडून सुधारित प्रमाणपत्र मागायचे. २०२० च्या नियमांत पहिल्या अर्जासाठी प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले होते, शारीरिक तपासणीची अट नव्हती. दुसऱ्या टप्प्यावर मात्र वैद्यकीय दाखला आला.

म्हणजे 'नाल्सा'ने जी अट दारातून बाहेर काढली, तीच २०१९ च्या कायद्याने खिडकीतून आत घेतली, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. ती निराधार नाही. 'तृतीयपंथीय' म्हणून ओळख मिळवणे आणि 'स्त्री' म्हणून हक्क मिळवणे, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. महिलांसाठीचे जवळजवळ सर्व संरक्षक कायदे दुसऱ्या शब्दावर बेतलेले आहेत.

२०२३ च्या निकालाची मर्यादाही येथेच आहे. त्या प्रकरणातील तक्रारदाराची शस्त्रक्रिया झाली होती आणि निष्कर्षही शस्त्रक्रिया करून लिंगबदल केलेल्या व्यक्तीविषयी नोंदवला गेला. जिची शस्त्रक्रिया झालेली नाही, खर्च परवडत नाही, प्रकृती साथ देत नाही किंवा जिला ती मुळात नकोच आहे, अशा पारलिंगी स्त्रीने घरातील छळाविरुद्ध अर्ज केला, तर काय, या प्रश्नाचे थेट उत्तर या निकालात नाही. 'नाल्सा'चा आधार घेऊन ते होकारार्थी देता येईल. पण समोरच्या वकिलाला विरोधी युक्तिवादासाठीही पुरेशी जागा आहे.

विवाह मान्य, मग संरक्षणही

विवाहाच्या प्रश्नावर न्यायालयांची भूमिका तुलनेने सुस्पष्ट आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातील 'वधू' या शब्दात पारलिंगी स्त्रीचाही समावेश होतो, असे सांगून तुतिकोरिन येथील एका विवाहाची नोंदणी करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. त्याच निकालात, स्त्री-पुरुष नात्यात असलेल्या तृतीयपंथीय व्यक्तींना प्रचलित कायद्यांनुसार विवाहाचा हक्क आहे, हेही मान्य केले.

विवाह कायदेशीर असेल, तर त्यातील छळालाही कायदा लागू झाला पाहिजे, ही पुढची पायरी. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ती ओलांडली. मूल होऊ शकत नाही म्हणून पारलिंगी स्त्रीला 'स्त्री' मानायचे नाही, हे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असे सांगत सासरच्या छळाविरुद्धच्या कलम ४९८(अ) खाली ती फिर्याद देऊ शकते, असा निर्णय न्यायालयाने दिला. त्या विशिष्ट प्रकरणातील फिर्याद मात्र ठोस पुराव्याअभावी रद्द झाली. हा तपशील महत्त्वाचा आहे. हक्क मान्य होणे म्हणजे प्रत्येक तक्रार खरी मानली जाणे नव्हे. पुराव्याची कसोटी इतर कोणत्याही स्त्रीला लागू होते, तीच येथेही लागू होते. कायद्याचा गैरवापर होईल, ही भीती दाखवून मुळात दारच बंद करण्याची त्यामुळे गरज उरत नाही.

गावच्या राजकारणातील 'महिला'

'महिला' या शब्दाची सर्वांत जाहीर परीक्षा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत होते. महाराष्ट्रात या संस्थांमधील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मध्य प्रदेशातील कटनी येथे कमला जान या तृतीयपंथीय उमेदवार महिलांसाठी राखीव असलेल्या महापौरपदावर निवडून आल्या होत्या. परंतु त्या स्त्री नाहीत, या कारणास्तव त्यांची निवड रद्द झाली आणि उच्च न्यायालयानेही २००३ मध्ये ती रद्दच ठेवली. मतदारांनी दिलेला कौल शब्दार्थापुढे टिकला नाही.

अठरा वर्षांनी महाराष्ट्रात नेमके उलटे घडले. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. त्या तृतीयपंथीय असल्याचे कारण देत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी तो छाननीत बाद केला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी हा निर्णय रद्द केला. अर्जदाराने स्त्री ही ओळख निवडली आहे आणि तो हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे, असे न्या. रवींद्र घुगे यांनी नमूद केले. त्याच वेळी, पुढे एखाद्या लाभासाठी पुरुष असल्याचा दावा करणार नाही, ही अर्जदाराची भूमिकाही न्यायालयाने नोंदवून घेतली. निवडणुकीत अंजली पाटील विजयी झाल्या.

हा निकाल दोन कारणांनी उल्लेखनीय आहे. येथे शस्त्रक्रियेचा प्रश्न निर्णायक ठरला नाही. स्वतःची निवड पुरेशी मानली गेली. राखीव जागेचा कोणी संधिसाधूपणे फायदा घेईल, ही महिलांच्या बाजूने व्यक्त होणारी शंकाही न्यायालयाने झटकून टाकली नाही. ओळख एकदा ठरवली की तिच्यावर ठाम राहावे लागेल, सोयीप्रमाणे ती फिरवता येणार नाही, असे मधले सूत्र त्यातून पुढे आले. पंचायतीतील राखीव जागा मिळवण्यासाठी स्त्रियांना दीर्घ लढा द्यावा लागला आहे. त्यामुळे अशी शंका विचारणाऱ्या प्रत्येकीला प्रतिगामी ठरवणे योग्य होणार नाही. शंकेचे उत्तर नियमात असले पाहिजे.

बारामती-इंदापूरकरांना याचे उदाहरण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. इंदापूर तालुक्याच्या सीमेवरची नीरा ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका लागतो. त्या तालुक्यातील तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथीय उमेदवाराला थेट सरपंचपदी निवडून दिले आणि गावाचे नाव राज्यभर पोहोचले. कायद्याने वाट करून देण्याआधीच ग्रामीण मतदारांनी आपला कौल देऊन टाकला होता.

भरतीचे मैदान आणि आरक्षणाचा पेच

नोकरभरतीत मात्र चित्र वेगळे दिसते. बीड जिल्ह्यातील पोलिस शिपाई ललिता साळवे यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, तेव्हा महिला म्हणून झालेली भरती पुरुष झाल्यावर कायम कशी ठेवायची, या प्रश्नाने पोलिस खाते गोंधळले. प्रकरण २०१७ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर राज्य सरकारने परवानगी दिली, मे २०१८ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे या नावाने त्या व्यक्तीची सेवा पुढे सुरू राहिली. शासनाने मनावर घेतले तर मार्ग निघतो, एवढे यातून सिद्ध झाले. पण तो एका व्यक्तीपुरता निघाला, नियम झाला नाही.

नियमाचा प्रश्न २०२२ मध्ये पोलिस भरतीच्या वेळी पुन्हा उभा राहिला. ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच दोन पर्याय होते. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय देण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सरकारची कानउघाडणी केल्यानंतर तृतीयपंथीयांना अर्ज करण्याची मुभा मिळाली आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवणारे नियम करण्याचे सरकारने मान्य केले. 'नाल्सा'च्या निकालाला तोवर आठ वर्षे उलटून गेली होती.

आरक्षणाचा पेच याहून गुंतागुंतीचा आहे. 'नाल्सा'ने तृतीयपंथीयांना मागास समजण्यास सांगितले. ते शब्दशः अमलात आणायचे, तर त्यांना इतर मागासवर्गात टाकावे लागेल. मग अनुसूचित जाती वा जमातीतील तृतीयपंथीयाने कोणते आरक्षण घ्यायचे? म्हणूनच महिला किंवा दिव्यांगांप्रमाणे प्रत्येक प्रवर्गातच काही जागा ठेवाव्यात, म्हणजे समांतर आरक्षण द्यावे, अशी मागणी आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये शासकीय नोकऱ्यांत असे १ टक्का आरक्षण दिले. महाराष्ट्रात हा मुद्दा २०२३ मध्ये उच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा आणखी आरक्षण देणे अवघड असल्याची भूमिका सरकारने मांडली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तृतीयपंथीयांसाठीच्या धोरणाला मान्यता दिली. परंतु धोरण आणि कायद्याने मागता येईल असा हक्क यांत अंतर असते.

फौजदारी कायद्यातील पोकळी

सर्वांत गंभीर उणीव फौजदारी कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. या संहितेने लिंगाच्या व्याख्येत स्त्री-पुरुषांबरोबर तृतीयपंथीयांचाही उल्लेख केला, ही स्वागतार्ह बाब. पण बलात्काराच्या कलमातील पीडित व्यक्ती स्त्रीच राहिली आणि जुने कलम ३७७ नव्या संहितेत आलेच नाही. ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते २०१८ मध्येच निष्प्रभ झाले होते; तथापि संमतीविना झालेल्या अत्याचाराविरुद्ध पुरुष आणि तृतीयपंथीयांना तेच एक हत्यार होते. तेही हातून गेले.

उरला तो २०१९ च्या कायद्याच्या मूळ कलम १८ चा आधार. त्यात तृतीयपंथीय व्यक्तीवरील शारीरिक वा लैंगिक अत्याचारासाठी सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा ठेवली होती. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे सश्रम कारावास आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की फिर्याद लिहून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या लेखणीत काय ताकद आहे, ते कळते. फिर्यादीच्या रकान्यात 'स्त्री' लिहिले गेले तर एक कलम, 'तृतीयपंथीय' लिहिले गेले तर दुसरे. गुन्हा तोच, वेदना तीच; शिक्षेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

ब्रिटनचा उलटा कौल

या पार्श्वभूमीवर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी दिलेला निकाल भारतातही चर्चेत आला. तेथील २०१० च्या समानता कायद्यातील 'स्त्री' आणि 'लिंग' या शब्दांचा अर्थ जैविक लिंग असाच घ्यावा लागेल, असे पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले. ब्रिटनमध्ये २००४ च्या कायद्यानुसार लिंगबदलाचे प्रमाणपत्र मिळते. ते घेतलेली पारलिंगी स्त्रीसुद्धा समानता कायद्यापुरती 'स्त्री' ठरत नाही, असा याचा अर्थ. पारलिंगी व्यक्तींना भेदभावाविरुद्ध स्वतंत्र संरक्षण त्याच कायद्यात आहे आणि ते कायम राहते, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

हा निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही. शिवाय भारताने २०१४ मध्येच जैविक कसोटी नाकारली असल्याने दोन्ही देशांची वाट वेगळी झाली आहे. तरीही त्यातून एक धडा घेण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये एका कायद्यातील एका शब्दाचा अर्थ लावला गेला आणि पारलिंगी स्त्रियांना आपल्या समजत असलेल्या हक्कांचा नकाशा एका दिवसात बदलला. शब्दाच्या अर्थावर उभे असलेले हक्क दुसऱ्या अर्थाने काढून घेता येतात. न्यायालयाने औदार्याने लावलेला अर्थ वरचे न्यायालय फिरवू शकते आणि संसद व्याख्याच बदलू शकते.

सातबाऱ्यावरचा प्रश्न

ऊस आणि द्राक्षाच्या या पट्ट्यात जमिनीचा प्रश्न टाळून हक्कांची चर्चा पूर्ण होत नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला असल्याने अपत्य मुलगा की मुलगी, यावरून हिस्सा कमी होण्याचे कारण हिंदू कुटुंबात राहिलेले नाही. घर सोडून गेलेल्या वा घराबाहेर काढलेल्या तृतीयपंथीय अपत्याचा हिस्साही त्यामुळे संपत नाही. हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई करणाऱ्या भावकीला आणि सही करणाऱ्यालाही हे ठाऊक असलेले बरे.

गुंता होतो तो मृत्यूनंतर. मृत्युपत्र न करता निधन झालेल्या हिंदू पुरुषाचे वारस वेगळ्या क्रमाने ठरतात आणि हिंदू स्त्रीचे वेगळ्या. पुरुषाच्या पहिल्या वारसांत त्याची आई असते. विवाहित पण निपुत्रिक स्त्रीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मात्र पती हयात नसल्यास आई-वडिलांच्या आधी पतीच्या वारसांचा क्रम लागतो. मग पारलिंगी स्त्रीची मालमत्ता कोणत्या क्रमाने जायची? कायदा याविषयी गप्प आहे. गुरू-चेल्याच्या नात्यात राहणाऱ्यांना तर वारसांच्या या यादीत स्थानच नाही. साध्या मृत्युपत्राने हा प्रश्न सुटू शकतो.

तालुक्याच्या पातळीवर

२०११ च्या जनगणनेत देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची, तर महाराष्ट्रात ४० हजार ८९१ जणांची नोंद स्त्री-पुरुषांव्यतिरिक्त 'इतर' या रकान्यात झाली होती. ओळख लपवणारे किती, हे या आकड्यांतून कळत नाही. जे पुढे येतात, त्यांना प्रमाणपत्रासाठी पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पोर्टलमुळे अर्ज घरबसल्या करता येऊ लागला. पण आधार कार्डावरील जुने नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नोंद आणि भाडेकराराविना राहते घर, या अडचणी पोर्टलने सुटत नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झालेली तृतीयपंथीयांसाठीची पाच लाख रुपयांची आरोग्य विमा योजनाही याच प्रमाणपत्राशी जोडली गेली. कागद नसेल, तर योजना नाही.

तक्रारीचा मार्ग मात्र तालुक्यातच आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज बारामती किंवा इंदापूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. त्यासाठी आधी पोलिसांत गुन्हा नोंदवणे आवश्यक नसते; संरक्षण अधिकाऱ्यांमार्फतही अर्ज दाखल होऊ शकतो. कायद्यानुसार असा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढायचा असतो. वकिलाची ऐपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत साहाय्य मागता येते. प्रमाणपत्र हाती नाही, एवढ्या एका कारणावरून अर्ज फेटाळावा, हा पतीचा युक्तिवाद उच्च न्यायालयाने मान्य केला नव्हता, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रमाणपत्राचे नियम बदलत राहतात. अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेली तरतूद पाहून घेणे हिताचे.

महापालिकांनी या बाबतीत काही पावले टाकली आहेत. याच जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक व इतर कामांवर घेतले. नगर परिषदा, पंचायत समित्या आणि औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना त्याचे अनुकरण करण्यास कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये, २०१९ चा कायदा कागदावरच राहिल्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली आणि समान संधीचे धोरण सुचवण्यासाठी न्या. आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ती या उदासीनतेमुळेच.

आता चेंडू कायदेमंडळाकडे

गेल्या दशकभरात न्यायालयांनी 'वधू', 'पत्नी', 'पीडित महिला' आणि 'महिला उमेदवार' हे चार शब्द एकेक करून उघडले. प्रत्येक वेळी कोणीतरी एक व्यक्ती उंबरठ्यावर अडवली गेली, तिने वकील लावला, वर्षे घालवली आणि मग दार किलकिले झाले. ज्या पोटगीच्या प्रकरणाने ही चर्चा सुरू झाली, त्यातील आदेश २०१९ चा होता आणि उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत २०२३ उजाडले. पोटगी ही दरमहाच्या जेवणाखाण्याची सोय असते. तिला तीन वर्षांहून अधिक काळ लागणे परवडणारे नसते.

कोणत्या कायद्यात 'महिला' म्हणजे कोण, शस्त्रक्रिया हवी की नको, राखीव जागेसाठी ओळख किती काळ कायम असावी, बलात्काराच्या कलमाचे संरक्षण कोणाला, या प्रश्नांची उत्तरे विधिमंडळ आणि संसदेने लिहून द्यायची आहेत. राज्याच्या हातातील गोष्टीही कमी नाहीत. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांसाठी लेखी सूचना, पोलिस ठाण्यांसाठी परिपत्रक, भरतीच्या नियमांत स्पष्ट निकष आणि समांतर आरक्षणाबाबत ठाम निर्णय, ही कामे मुंबईत बसून करता येतात. ती होईपर्यंत छाननीच्या टेबलावर अडलेला अर्ज आणि ठाण्यात न लिहिली गेलेली फिर्याद यांचे भवितव्य समोरच्या अधिकाऱ्याच्या समजुतीवरच अवलंबून राहील.